बाहेर देऊ नये

आमच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांसाठी डिंक मागितला की "पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर ठरलेलं. फ्लेक्स मात्र कुणी मागायच्या आत छापून आले. "ग्रंथालय व माहितीशास्त्रातील प्रमुख संज्ञा व संकल्पना" असं वर ठसठशीत, डाव्या कोपऱ्यात अध्यक्षांचा हसरा फोटो, उजव्या कोपऱ्यात कार्यवाहांचा, आणि या दोघांनी हातपाय पसरून उरलेल्या जागेत ती बिचारी संज्ञा. वर्गीकरण म्हणजे काय. तालिका म्हणजे काय. अभिसरण म्हणजे काय. व्याख्या सगळ्या इंटरनेटवरून उचललेल्या, आणि मराठी अशी की ज्याला आधी माहीत होतं तोही वाचून विसरेल. 'वाचक' हा शब्द त्या सगळ्या भिंतींवर कुठेच नव्हता. त्याच्या जागी 'वापरकर्ता' होता. गॅसची शेगडी वापरतात, लिफ्ट वापरतात, तसे लोक आता येऊन आम्हाला वापरणार होते.

हे सगळं डोकं आमच्या मुख्य ग्रंथपालांचं. त्यांनी डॉक्टरेट केलेली होती, त्यामुळे मी त्यांना मनातल्या मनात डॉक्टरसाहेब म्हणायची. प्रबंधाचा विषय काय, तर वाचक माहिती कशी शोधतात. आणि स्वतः वाचक दिसला की हा माणूस केबिनचं दार लोटून घ्यायचा. एकदा एक बाई चुकून तिथे पोचली आणि म्हणाली, "मुलासाठी काहीतरी गोष्टीचं द्या ना." यावर हे म्हणाले, "आपली माहितीची गरज आधी नेमकी मांडा." ती बाई माझ्याकडे परत आली आणि तिने हळूच विचारलं, "हे सर बरे आहेत ना?" मी काय सांगणार, कप्पाळ!

मी सहायक ग्रंथपाल. नाशिकच्या जुन्या भागातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात, देवघेवीच्या काउंटरमागे माझी उमेदीची वर्षं गेली. देवघेव म्हणजे पुस्तक द्यायचं आणि परत घ्यायचं. याला डॉक्टरसाहेब अभिसरण म्हणायचे. म्हणू दे. पण ते अभिसरण म्हणायला लागले आणि अध्यक्षांनाही तो शब्द आवडला. अध्यक्ष बांधकामाच्या धंद्यातले. त्यांना आयुष्यात फक्त चटई क्षेत्र कळायचं. सभेत मधेच मान डोलावून ते म्हणायचे, "अभिसरण वाढलं पाहिजे, अभिसरण," आणि बटाटेवड्याची दुसरी फेरी मागवायचे.

आता काकूंबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्याचसाठी सांगायला बसले आहे.

काकू देवळ्याकडच्या. लग्नानंतर नवऱ्याच्या मास्तरकीपायी जिल्हाभर फिरल्या, आणि म्हातारपणी मुलाकडे नाशिकच्या सिडकोत येऊन राहिल्या. बोलणं आता बरंचसं शहरी झालेलं, पण मनातून काही निघालं की मधेच अहिराणीतला एखादा 'शे' निसटायचा. दर बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो, तो करून त्या आमच्याकडे यायच्या. भाजीची पिशवी काउंटरपाशी ठेवायची, पदराने घाम पुसायचा आणि विचारायचं, "जागावर शे ना ते?" मी म्हणायची, "जागेवरच आहे काकू, जाईल कुठे?"

ते म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं पुस्तक. गुरुजी गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. हयातभर त्यांना एकच नाद. सुट्टी लागली की सायकल काढायची, नाहीतर एसटी पकडायची, आणि जिल्ह्यातला एकेक आठवडे बाजार बघून यायचं. कुठल्या गावाला कोणत्या वारी बाजार, तिथे काय विकायला येतं, माप कोणतं, कुंभार कुठल्या झाडाखाली बसतो, गुरांचा सौदा रुमालाखाली कसा होतो. सगळं टिपून त्यांनी पदरचे पैसे घालून एक पुस्तक छापलं. ते काही फार विकलं गेलं नाही. नातेवाइकांना वाटलेल्या प्रती नातेवाइकांनी कुठे टाकल्या देव जाणे, आणि घरातल्या उरलेल्या वाळवीने खाल्ल्या. एक प्रत गुरुजींनी आमच्या ग्रंथालयाला भेट दिली होती, तेवढी राहिली.

ती संदर्भ विभागात होती. त्याचंही कारण सांगते. आमच्याकडे जे पुस्तक कुठेच बसत नाही ते संदर्भात बसतं. कथा नाही, कादंबरी नाही, धड भूगोल नाही, धड व्यापार नाही. तेव्हाच्या ग्रंथपालांनी डोकं खाजवलं असेल आणि पहिल्या पानावर शिक्का मारून टाकला असेल: 'संदर्भ प्रत. बाहेर देऊ नये.' संदर्भ म्हणजे तिथेच बसून वाचायचं. कपाटातून घ्यायचं, टेबलाशी बसायचं, वाचून झालं की जागेवर ठेवायचं. कार्ड नाही, नोंद नाही, बारकोडचा टुंय आवाज नाही.

काकू नेहमी एकच पान उघडायच्या, हरसूलच्या बाजाराचं. तिकडे त्या नवऱ्याबरोबर गेल्या होत्या. गुरुजींनी छापताना लिहून ठेवलं होतं की घरची मंडळी नागलीचे पापड घेता घेता विकणारीशी गप्पा मारत बसली, त्यामुळे परतीची एसटी चुकली. पुस्तक हातात पडलं आणि काकू जाम भडकल्या. त्या मला हे अगदी हातवारे करून सांगायच्या. "मी चुकवली? मी? हा माणूस गुरांच्या बाजारात हरवलेला, मी ह्यांना शोधत फिरतेय, आणि साऱ्या दुनियेत छापलं की बायकोमुळे गाडी चुकली!" कितीतरी दिवस त्या नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. शेवटी गुरुजी एक दिवस आमच्या ग्रंथालयात आले आणि त्या प्रतीत, त्या ओळीशेजारी, शाईने लिहून गेले की गाडी माझ्यामुळेच चुकली होती. घरच्या प्रतीत का नाही लिहिलं, असं मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मीच सांगितलं तसं. घरातलं कोण वाचतं? जिथं दहा माणसं वाचतील तिथं लिहा म्हटलं."

तर ती शाईची ओळ वाचायला त्या दर बुधवारी यायच्या. दहा माणसांचं म्हणाल तर त्यांच्याशिवाय त्या पुस्तकाला कुणी हात लावल्याचं मी पाहिलं नाही, आणि हे मी त्यांना कधी बोलले नाही. एकदा मी त्या पानाची झेरॉक्स काढून दिली होती. त्यांनी ती घडी घालून पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी ठेवली आणि पुढच्या बुधवारी पुन्हा आल्या. "झेरॉक्सात शाई काळी येते," म्हणाल्या. "त्यांची निळी होती."

गुरुजींच्या तिथीला एक दिवस ते पुस्तक घरी नेऊन फोटोपुढे ठेवावं, एवढी त्यांची इच्छा. मी स्वतः त्यांना डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेले. म्हटलं, "सर, जबाबदारी माझी. दुसऱ्या दिवशी परत आणून देतील." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मॅडम, संदर्भ साहित्याचं अभिसरण होत नसतं. ही मूलभूत संकल्पना आहे. बाहेर फ्लेक्स लावलाय, वाचला नाही का?" काकू म्हणाल्या, "साहेब, एका रात्रीचा प्रश्न हाय." साहेब म्हणाले, "आजी, नियम म्हणजे नियम." आणि गंमत बघा, याच संदर्भ विभागातले रंगीत चित्रांचे दोन जाडजूड ग्रंथ अध्यक्षांच्या दिवाणखान्यात काचेच्या टीपॉयवर पडून होते. पाहुण्यांना दिसावेत म्हणून नेलेले. ते अभिसरण नव्हतं वाटतं. ते बहुतेक पर्यटन असावं.

काकूंनी बाहेर येऊन पिशवी उचलली आणि मलाच समजावलं, "जाऊ दे ताई. नियम हाय म्हणून तर टिकलं ते. घरी असतं तर वाळवीनं खाल्लं असतं." मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी डबाही खाल्ला नाही.

मग अभ्यासिकेचं खूळ निघालं. अध्यक्षांच्या डोक्यात आलं की स्पर्धा परीक्षावाल्या पोरांसाठी एसीची अभ्यासिका काढायची. खुर्चीचं महिन्याचं भाडं, लॉकर वेगळा, वायफाय वेगळं. मुलांनी अभ्यास करावा, माझं काही म्हणणं नाही. पण यांना जागा हवी होती आणि जागा पुस्तकांनी अडवलेली. अध्यक्षांनी सरळ विचारलं, "यातली किती काढता येतील?" डॉक्टरसाहेबांचा चेहरा असा काही उजळला! म्हणाले, "सर, शास्त्रात याला निर्लेखन म्हणतात."

निर्लेखन म्हणजे काय, तर नको झालेली पुस्तकं दाखल नोंदीतून कमी करून काढून टाकणं. वाईट काही नाही त्यात. शेतातलं तण काढावं लागतं तसंच आहे. पण तण कोणतं आणि पीक कोणतं हे ओळखायला शेतात उतरावं लागतं. साहेब उतरले नाहीत. त्यांनी केबिनमध्ये बसून सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढला: सॉफ्टवेअर बसवल्यापासून आजवर एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं. बटन दाबलं, यादी आली. छापून बाइंडिंग करून सभेत ठेवली. "शून्य अभिसरण," ते म्हणाले, आणि अध्यक्षांनी मान डोलावली.

मी यादी चाळली. सगळा संदर्भ विभाग होता त्यात! कोश, गॅझेटियर, नकाशे, गावोगावच्या स्मरणिका, सगळं झाडून. मी उभी राहिले. "सर, ही पुस्तकं आपण बाहेर देतच नाही. वर शिक्का आहे तसा. मग बाहेर गेल्याची नोंद होईल कुठून?"

"मॅडम, भावनेचा प्रश्न नाही. डेटा बोलतो."

"अहो, डेटा काय बोलतो? तुम्ही दाराला कुलूप लावलंत आणि आता म्हणताय की दारातून कुणी आलंच नाही."

अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. कार्यवाहांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरसाहेब मात्र दुखावले. म्हणाले, "मॅडमना या संकल्पनेची ओळख नाही. त्यांना आपण प्रशिक्षणाला पाठवू." ठराव एकमताने मंजूर झाला. वडे आले. एकाही गाढवाला, आणि गाढवांची मी मनापासून माफी मागते, एवढं साधं कळलं नाही की जे न्यायचीच बंदी आहे ते कुणी नेलं नाही म्हणून फेकून द्यायचं नसतं. मी लेखी हरकत दिली. ती आवक होऊन फाइलीत गेली आणि तिथेच मेली.

मला खरंच प्रशिक्षणाला पाठवलं, मालेगावला, 'निर्लेखन: संकल्पना आणि कार्यपद्धती' या विषयावर. हॉलबाहेर यंत्रमागांची खडखड चालू, आत एक शांत बाई माइकवर बोलत होत्या. पहिल्याच तासात त्यांनी सांगितलं की संदर्भग्रंथांना देवघेवीच्या आकड्यांचा निकष कधीही लावू नये, कारण ते बाहेर जातच नाहीत. लिहून घ्या, म्हणाल्या. मी लिहून घेतलं नाही. मी चहाच्या सुट्टीत फोन लावला, तर आमच्या शिपायाने सांगितलं, "मॅडम, टेम्पो सकाळीच भरून गेला. तुम्ही नसतानाच उरकून घ्या, असं साहेब म्हणाले." यापुढे त्या बाई काय बोलल्या मला आठवत नाही. प्रमाणपत्र मात्र मिळालं. साहेबांनी ते पुढे फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मी परतले तो बुधवार होता. संदर्भाच्या खोलीत कपाटं उभी होती, रिकामी, आणि एसीवाला भिंतीला भोक पाडत होता. मी काउंटरवर येऊन बसते न बसते तोच काकू आल्या. पिशवीतून पातीचा कांदा डोकावत होता. आज त्यांनी मला काही विचारलं नाही, थेट आत गेल्या. मी अर्धी उठले आणि परत बसले.

थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या हसत. खरंच सांगते, चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "ताई, कुणीतरी घेतलंय वाचायला!"

मी पुढ्यातलं रजिस्टर उगाच सरळ केलं.

"जागेवर नाय. बाकीची कपाटं कामापायी रिकामी केली असतील, पण आपलं कुणीतरी वाचायला घेतलं असंल ना? घेऊ द्या, घेऊ द्या. घाई नाय मला. मी बसते इथं. त्यांचं होऊ द्या वाचून." आणि काउंटरसमोरच्या बाकावर पदर सावरून बसल्या, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाकडे बघत. त्या एसीवाल्याकडेसुद्धा त्यांनी एकदा आशेने पाहिलं. मला म्हणाल्या, "ती शाईची ओळ वाचली असंल का हो त्यांनी?"

मला हुंदका आला. काउंटरवर बसून कधी रडले नव्हते, तेव्हा रडले. मग काउंटरच्या बाहेर आले, त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं की काकू, पुस्तक रद्दीत गेलं.

त्यांना आधी समजलंच नाही. "रद्दीत? पण ते तर बाहेर देत नाय ना तुम्ही?" असं त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो तो, खरोखर विचारलं. एका रात्रीसाठी फोटोपुढे ठेवायला जे मिळालं नाही ते टेम्पोत घालून दिलं, हे त्या बाईच्या डोक्यात कसं शिरावं? माझ्याच शिरत नव्हतं. मी उठले, केबिनचं दार न वाजवता उघडलं आणि साहेबांना म्हटलं, "मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर जातेय. अर्ज नंतर देईन." ते काहीतरी कार्यपद्धतीबद्दल बोलत होते. मी दार आपटलं.

शिपायाकडून पत्ता घेतला. द्वारका चौकाच्या पुढे, वडाळा गावाच्या अंगाला एका पत्र्याच्या गोदामात माल गेला होता. रिक्षात काकू माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. गोदामवाला बनियनवर बसून चहा पीत होता. "अर्धा माल तर गेला मॅडम, सकाळीच. पुठ्ठा कारखान्याला. बाकीचा पीछे आहे, बघा पाहिजे तर." अर्धा गेला म्हटल्यावर काकूंनी डोळे मिटून घेतले, आणि मग पदर खोचला.

सुतळीने बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. कोशांचे खंड उलटे, गॅझेटियरच्या पाठी निघालेल्या, नकाशे कोंबलेले. आमच्या ग्रंथालयाच्या लाल कापडी बांधणीतली ती सगळी पुस्तकं एकसारखी दिसत होती. मी पाठीवरच्या चिठ्ठ्या वाचत होते, काकू गाठी सोडत होत्या. गाठ न कापता सुतळी सोडवायची ती बाजारातली सवय. घाम, धूळ, शिंका. त्या गोदामात मी आमच्या समस्त कार्यकारी मंडळाचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. गोदामवाला चहा विसरून ऐकत बसला होता.

गठ्ठे संपत आले तसा माझा धीर सुटायला लागला. आणि काकूंच्या हातात ते आलं. खाली पोत्यावर बसल्या, मांडीवर उघडलं, ओळीवर बोट फिरवलं. "शे," म्हणाल्या. "जागावर शे."

मी गोदामवाल्याला विचारलं, काय द्यायचं? तो म्हणाला, "एका पुस्तकानं काटा पण हलत नाही मॅडम. घेऊन जा." त्या दिवशी मला भेटलेल्यांत शहाण्यासारखं बोलणारा तो एकटाच. पुस्तक काकू सिडकोला घेऊन गेल्या, मांडीवर ठेवून. पुस्तक ग्रंथालयातून रीतसर कमी झालं होतं, रीतसर विकलं गेलं होतं आणि विकत घेणाऱ्याने रीतसर देऊन टाकलं होतं. आता ते त्यांचं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमचे लोक!

अभ्यासिकेचं उद्घाटन थाटात झालं. आणि मग सरकारी तपासणीचं पत्र आलं. ग्रंथालयाचा वरचा दर्जा राखायचा तर काय काय हवं त्याची यादी त्यात होती, आणि यादीत स्वच्छ लिहिलेलं: सुसज्ज संदर्भ विभाग, स्थानिक साहित्याचा संग्रह. डॉक्टरसाहेब ते पत्र घेऊन माझ्या काउंटरवर आले. बाहेर येऊन उभे राहिले म्हणजे काय समजा! घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे स्थानिक संग्रह कितपत आहे?"

"होता," मी म्हटलं. "पुठ्ठा झाला त्याचा."

पण ही माणसं लाजतील तर शपथ. आठवड्याच्या आत नवा फ्लेक्स लागला: 'भव्य ग्रंथदान अभियान'. आणि आमच्या शिपायाने कौतुकाने बोलता बोलता सांगून टाकलं की एक पुस्तक काकूंकडे सुखरूप आहे. झालं. अध्यक्षांनी स्वतः फोन केला त्यांना. 'माताजी' म्हणाले. गुरुजींच्या कार्याचा गौरव, भव्य सत्कार, गाडी पाठवतो, पुस्तक मात्र बरोबर आणा. मी काकूंना त्याच संध्याकाळी फोन करून म्हटलं, "येऊ नका. यांच्या नादी लागू नका. पुन्हा कुणा शहाण्याने बटन दाबलं की पुन्हा टेम्पो." त्या म्हणाल्या, "ताई, त्यांच्या नावानं सत्कार हाय. आजपावेतो कुणी केला नाय. येते मी." मला वाटलं, देणार ही बाई. इतकी साधी, शाल घातली की देऊन टाकणार. रात्री जेवण गेलं नाही मला.

कार्यक्रम अभ्यासिकेतच ठेवला होता. एसी लावलेला. मागच्या फ्लेक्सवर काकूंचा फोटो होता, अर्थात अध्यक्षांच्या फोटोच्या निम्म्याहून लहान. काकू गाडीतून नाही आल्या, सिटी बसने आल्या. हातात तीच बाजाराची पिशवी. डॉक्टरसाहेबांनी प्रास्ताविकात ज्ञानाचं जतन, ज्ञानाचं संवर्धन, ज्ञानाचं अभिसरण, सगळी ज्ञानं घेतली. गुरुजींच्या पुस्तकाला ते 'स्थानिक माहितीचा दुर्मिळ प्राथमिक स्रोत' म्हणाले. हाच स्रोत त्यांनी रद्दीत घातला होता आणि सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही. ऐकताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मागच्या रांगेत बसून काकूंकडे बघत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं. फोटोवाला पुढे सरसावला. अध्यक्षांनी दोन्ही हात पुढे केले, ग्रंथ स्वीकारायला. काकूंनी पिशवीत हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं. त्याला नवं खाकी कव्हर घातलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि पहिलं पान अध्यक्षांसमोर धरलं, अगदी नाकाजवळ.

"साहेब, एवढं वाचा."

अध्यक्षांनी चष्मा शोधला. डॉक्टरसाहेबांनी मदतीला म्हणून वाकून पाहिलं, आणि माइक जवळ असल्याने त्यांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला: "संदर्भ प्रत. बाहेर देऊ नये."

"तेच," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, माइककडे पाहिलंही नाही. "तुम्हीच शिकवलं. नियम म्हणजे नियम. हे आता माझ्या घरी ह्यांच्या फोटोपुढं असतं. बाहेर देत नाय मी. तुमच्या त्या तपासणीवाल्यांना वाचायचं असलं तर सिडकोत घेऊन या. तुम्हीपण या. बसून वाचा, चहा देते, आणि जागावर ठेवून जा."

पुस्तक पिशवीत गेलं. शाल आणि नारळ त्यांनी टेबलावर ठेवले, पुढच्या सत्काराला उपयोगी पडतील म्हणून. अध्यक्षांचे हात अजून पुढेच होते आणि फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला. डॉक्टरसाहेब पुटपुटले, "पण आजी, कोणत्या दिवशी, म्हणजे वेळ काय?"

काकू दारापर्यंत पोचल्या होत्या. वळल्या आणि या वेळी सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बुधवार सोडून कधीपण. बुधवारी मी बाजारात असते."